डॉक्टरांनी लिहिलेली तपासणी, औषधं विमा कंपनीने नाकारली? क्लेम सोडून देऊ नका. दाद कुठे आणि कशी मागायची, वाचा सविस्तर

डॉक्टर सांगतात, ‘एमआरआय करावाच लागेल’. विमा कंपनी म्हणते, ‘याची गरज नव्हती’. डॉक्टर महागडं इंजेक्शन लिहून देतात, कंपनी म्हणते, ‘हे पॉलिसीत बसत नाही’. या दोघांच्या मध्ये अडकतो तो रुग्ण आणि डिस्चार्जसाठी काउंटरवर ताटकळणारे त्याचे नातेवाईक. वर्षानुवर्षं हप्ता भरूनही ऐनवेळी दागिने गहाण ठेवून किंवा पतसंस्थेचं कर्ज काढून बिल भरायची वेळ अनेक कुटुंबांवर येते.

हा प्रश्न किती मोठा आहे, ते विमा नियामक आयआरडीएआयच्या अहवालातूनच दिसतं. २०२३-२४ या वर्षात देशात सुमारे १.१७ लाख कोटी रुपयांचे आरोग्य विमा क्लेम दाखल झाले. त्यापैकी ८३,४९३ कोटी रुपये दिले गेले. तब्बल १५,१०० कोटी रुपयांचे क्लेम पॉलिसीच्या अटींवर बोट ठेवून अमान्य झाले.

यातला प्रत्येक नकार चुकीचा असतो असं नाही. पण प्रत्येक नकार बरोबर असतो असंही नाही. फोनवर ‘रिजेक्ट झालं’ एवढं ऐकून बरेच जण तिथेच थांबतात. खरं तर दाद मागायचे सगळे रस्ते तिथूनच सुरू होतात.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम गेला असं नाही

आधी नकार कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखावं.

१) कॅशलेस नाकारणं : कंपनी हॉस्पिटलला थेट पैसे द्यायला तयार नसते. अशा वेळी बिल भरून, सगळी कागदपत्रं जोडून नंतर परताव्याचा क्लेम करता येतो. कॅशलेसला नकार हा क्लेमचा अंतिम निकाल नसतो.

२) कपात : क्लेम मंजूर होतो, पण तपासण्या, औषधं किंवा इतर खर्च कापला जातो.

३) पूर्ण नकार : एक रुपयाही मिळत नाही.

आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो. हॉस्पिटलने डिस्चार्जची विनंती पाठवल्यावर तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची असते. त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्यामुळे जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे. क्लेम पूर्ण नाकारायचा असेल तर तो कंपनीच्या समितीसमोर ठेवावाच लागतो. टीपीए किंवा एखादा कर्मचारी आपल्या मनाने क्लेम फेटाळू शकत नाही. तसंच नाकारताना किंवा कापताना पॉलिसीतली नेमकी कोणती अट लागू केली, ते विमाधारकाला कळवणं कंपनीवर बंधनकारक आहे.

तपासण्या का नाकारल्या जातात?

सर्व कंपन्यांच्या पॉलिसीत काही अपवाद सारखेच असतात आणि त्यांना ठरलेले क्रमांक असतात. तपासण्यांसाठी सर्वाधिक महत्त्वाचा अपवाद क्रमांक ०४. यात दोन गोष्टी येतात. फक्त तपासण्या करण्यासाठी रुग्ण भरती झाला असेल तर खर्च मिळत नाही. आणि ज्या आजारावर उपचार चालू आहेत त्याच्याशी संबंध नसलेल्या तपासणीचा खर्चही मिळत नाही.

गोम इथेच आहे. रुग्णाला चक्कर, छातीत दुखणं किंवा तीव्र पोटदुखी असते, डॉक्टर भरती करून घेतात, सीटी स्कॅन होतो आणि सुदैवाने रिपोर्ट नॉर्मल येतो. मग कंपनी म्हणते, ‘ही भरती फक्त तपासणीसाठी होती’. पण त्या काळात सलाईन, इंजेक्शन, ऑक्सिजन, देखरेख असे उपचारही झाले असतील, तर भरती ‘फक्त तपासणीसाठी’ होती असं म्हणता येत नाही. हे सिद्ध होतं ते केस पेपर आणि नर्सच्या औषधांच्या नोंदींवरून. रिपोर्ट नॉर्मल येणं म्हणजे तपासणी विनाकारण होती असं नव्हे, हा मुद्दा डॉक्टरांकडून लेखी घ्यावा.

दुसरं कारण म्हणजे ओपीडी. भरती न होता केलेल्या तपासण्या बहुतेक साध्या पॉलिसींत मिळत नाहीत. मात्र पुढे त्याच आजारासाठी भरती व्हावं लागलं, तर आधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च मागता येतो. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत भरतीपूर्वीचे ३० आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरले जातात. म्हणून तालुक्याच्या लॅबची, मेडिकलची साधी पावतीही फेकू नये.

औषधं का कापली जातात?

• डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतलेली टॉनिक, व्हिटॅमिन, प्रोटीन पावडर मिळत नाहीत. डॉक्टरांनी उपचाराचा भाग म्हणून लिहून दिली असतील तर मुद्दा बदलतो.

• डायपर, क्रेप बँडेज, बेबी फूड अशा वस्तू न मिळणाऱ्या खर्चाच्या यादीत असतात. ही कपात सहसा बरोबर असते. त्यावर भांडण्यात वेळ घालवू नये.

• ‘सिद्ध न झालेला उपचार’ म्हणजे अपवाद क्रमांक १६. नवीन किंवा महागडं औषध असलं की हे कारण पुढे केलं जातं. पण ज्याच्या उपयोगाला वैद्यकीय आधारच नाही, अशाच उपचाराला हा अपवाद लागू होतो. औषध महाग आहे म्हणून ते ‘सिद्ध न झालेलं’ ठरत नाही.

• कॅन्सरच्या केमोच्या गोळ्या, इम्युनोथेरपीची इंजेक्शनं, शुगरच्या रुग्णांना डोळ्यात द्यावी लागणारी इंजेक्शनं हे उपचार आयआरडीएआयने आधुनिक उपचारांच्या यादीत घातले आहेत. अशा १२ उपचारांना पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाही. कंपनी रकमेची मर्यादा मात्र घालू शकते. ती मर्यादा किती, ते पॉलिसीत पाहावं.

रूमभाड्याच्या नावाखाली औषधं कापता येत नाहीत

पॉलिसीत रूमभाड्याची मर्यादा असते आणि रुग्ण त्याहून महाग खोलीत राहतो. मग कंपनी ‘त्याच प्रमाणात’ बिल कापते. पण नियमानुसार ही प्रमाणशीर कपात औषधं, उपचारासाठी वापरलेलं साहित्य, इम्प्लांट आणि तपासण्या यांच्यावर करता येत नाही. आयसीयूच्या शुल्कावरही नाही.

समजा, रूमभाड्याची मर्यादा रोज ३,००० रुपये आहे. रुग्ण ६,००० रुपयांच्या खोलीत ५ दिवस राहिला. बिल असं झालं : खोली ३०,०००, डॉक्टर व ऑपरेशन ६०,०००, तपासण्या २०,०००, औषधं ४०,०००. एकूण १,५०,००० रुपये. कंपनीने सगळंच निम्मं केलं तर हातात ७५,००० पडतात. नियमाने हिशेब केला तर खोलीचे १५,०००, डॉक्टर व ऑपरेशनचे ३०,००० आणि तपासण्या-औषधांचे पूर्ण ६०,००० असे १,०५,००० रुपये होतात. फरक ३०,००० रुपयांचा! क्लेम मंजुरीच्या पत्रातली कपातीची रकाने ओळीने तपासावीत, ती यासाठीच. शिवाय हॉस्पिटलमध्ये खोलीनुसार डॉक्टरांचे दर बदलत नसतील, तर तिथे ही कपात लागूच होत नाही.

‘जुना आजार लपवला’ हे कारण दिलं तर?

भरतीच्या वेळी डॉक्टर किंवा सिस्टर विचारतात, ‘बीपी, शुगर कधीपासून?’ घाबरलेला नातेवाईक सहज बोलून जातो, ‘असेल पाच-सहा वर्षं’. ते केस पेपरवर उतरतं आणि पुढे तोच कागद क्लेम नाकारायला पुरतो. डॉक्टरांना खरं तेच सांगावं, पण अंदाजाने वर्षं ठोकून देऊ नयेत. आजाराचं निदान कधी झालं याची जुनी चिठ्ठी असेल तर तीच दाखवावी. नोंद चुकीची झाली असेल तर डिस्चार्जपूर्वीच डॉक्टरांकडून लेखी दुरुस्ती करून घ्यावी.

पॉलिसी घेताना सांगितलेल्या जुन्या आजारासाठी प्रतीक्षा कालावधी आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. आणि पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर त्यानंतर माहिती लपवल्याचं कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. म्हणून नूतनीकरणाची तारीख चुकवू नये.

सगळ्यात कामाचा कागद : डॉक्टरांचं ‘गरजेचं पत्र’

पॉलिसीत ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार’ या शब्दांची व्याख्या छापलेली असते. उपचार किंवा तपासणी त्या आजारासाठी लागणारी हवी, गरजेपेक्षा जास्त नको, डॉक्टरांनी लिहून दिलेली हवी आणि वैद्यकीय क्षेत्रात मान्य असलेल्या पद्धतीनुसार हवी. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर, सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह पत्र घ्यावं. त्यात चार गोष्टी असाव्यात :

• रुग्णाला कोणती लक्षणं होती
• ही तपासणी किंवा औषध का द्यावं लागलं
• ते दिलं नसतं तर काय धोका होता
• साधी तपासणी किंवा स्वस्त औषध का पुरलं नसतं

‘रुग्णास एमआरआय आवश्यक होता’ एवढ्या एका ओळीच्या पत्राचा फारसा उपयोग होत नाही. कारण लिहिलेलं हवं.

तक्रारीच्या पायऱ्या

पायरी १ – कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी : नकार लेखी किंवा ईमेलवर मागवावा. मग डॉक्टरांच्या पत्रासह तक्रार पाठवून पोच घ्यावी. या अधिकाऱ्याचा ईमेल पॉलिसीवर छापलेला असतो. एजंटला फोन करणं किंवा व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकणं म्हणजे तक्रार नव्हे.

पायरी २ – बिमा भरोसा : आयआरडीएआयच्या या पोर्टलवर किंवा १५५२५५ आणि १८०० ४२५४ ७३२ या टोल फ्री क्रमांकांवर तक्रार नोंदवता येते. तक्रार कंपनीकडेच जाते, पण त्यावर नियामकाचं लक्ष राहतं. टोकन क्रमांक लिहून ठेवावा.

पायरी ३ – विमा लोकपाल : कंपनीने तक्रार फेटाळली, समाधानकारक उत्तर दिलं नाही किंवा एक महिन्यात उत्तरच दिलं नाही, तर लोकपालांकडे जाता येतं. ५० लाख रुपयांपर्यंतची तक्रार चालते. फी नाही, वकील लागत नाही. ऑनलाइन किंवा पोस्टाने अर्ज करता येतो, व्हिडिओ कॉलवर सुनावणीची सोय आहे. आपला जिल्हा कोणत्या कार्यालयाच्या हद्दीत येतो, ते पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर दिलेलं असतं. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करावा. त्याच विषयावर कोर्टात किंवा ग्राहक आयोगात प्रकरण चालू नसावं. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तो ३० दिवसांत पाळला नाही, तर विमाधारकाला रोज ५,००० रुपये द्यावे लागतात.

पायरी ४ – जिल्हा ग्राहक आयोग : लोकपालांच्या निवाड्याने समाधान झालं नाही तरी हा मार्ग खुला राहतो. दोन वर्षांची मुदत आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मार्गदर्शन मिळतं.

सरकारी योजनेत भरती असाल तर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचा मार्ग वेगळा आहे. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. उपचाराच्या पॅकेजमध्ये तपासण्या आणि औषधं धरलेलीच असतात. त्यामुळे ‘ही तपासणी बाहेरून करून आणा’, ‘हे इंजेक्शन तेवढं मेडिकलमधून घ्या’ असं सांगितलं तर आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठावं. पैसे भरावेच लागले तर पक्की पावती घ्यावी. तक्रारीसाठी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००, तर आयुष्मान भारतसाठी १४५५५ हे क्रमांक आहेत.

हे कागद एका पिशवीत ठेवा

• पॉलिसीची सगळी पानं, फक्त कार्ड नव्हे
• दरवर्षीच्या हप्त्याच्या पावत्या
• डॉक्टरांची प्रत्येक चिठ्ठी, भरतीपूर्वीचीसुद्धा
• तपासणीचे रिपोर्ट आणि बिलं, दोन्ही
• डिस्चार्ज कार्ड आणि पूर्ण केस पेपरची प्रत (ती मागण्याचा रुग्णाला हक्क आहे)
• कंपनीचं नकाराचं किंवा कपातीचं पत्र
• कंपनीला केलेल्या तक्रारीची पोच

मूळ कागद कंपनीला देण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. घरात लिहिता-वाचता येणारं कोणी नसेल तर गावातल्या शिकलेल्या मुलामुलींची मदत घ्यावी. ‘क्लेम मंजूर करून देतो, इतके टक्के द्या’ म्हणणाऱ्यांपासून मात्र लांब राहावं. लोकपालांकडे अर्ज करायला एक पैसाही लागत नाही.