तारीख लिहिण्याची संगणकीय रीत

सोलापूर-पुणे महामार्गावरील चिंचोळी एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत तारखेला मोठे मोल असते. रसायनाच्या पिंपावरील उत्पादनाचा दिनांक, मालाचे बीजक, रात्रपाळीची हजेरी या सर्व नोंदी आता संगणकावर होतात. मात्र ०३/०४/२०२५ ही तारीख भारतात ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च अशी वाचली जाते. सोलापुरी टॉवेल परदेशी जातात; साहजिकच हा घोळ माल पोहोचविण्याच्या मुदतीला भोवू शकतो.

संगणक स्वतः तारीख अशी लिहून ठेवतोच असे नाही. युनिक्स प्रणालीत यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेनुसार १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून उलटलेले सेकंद मोजले जातात. ही संख्या माणसाला वाचता येईल अशा रूपात मांडणे म्हणजे तारखेचे फॉरमॅटिंग. त्यासाठी प्रोग्रामर दिवस, महिना, वर्ष यांची सांकेतिक अक्षरे ठरावीक क्रमाने लिहून देतो.

ही अक्षरे भाषेगणिक बदलतात. सी भाषेत टक्क्याच्या चिन्हापुढील स्मॉल एम म्हणजे महिना आणि कॅपिटल एम म्हणजे मिनिट. जावात नेमके उलट. अक्षर चुकले, तर महिन्याच्या जागी मिनिटे छापली जातात आणि संगणक त्याबद्दल तक्रारही करीत नाही. जावातील कॅपिटल वाय हे अक्षर तर आठवड्यांच्या हिशेबाने वर्ष देते. त्यामुळे ३१ डिसेंबर २०२४ या दिवसाचे वर्ष २०२५ असे छापले जाते. नेहमीच्या वर्षासाठी तेथे स्मॉल वाय वापरावा लागतो.

दुसरा प्रश्न वेळेच्या पट्ट्याचा. भारतीय प्रमाण वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. कारखान्यात १ एप्रिलच्या पहाटे ४ वाजता केलेली नोंद यूटीसीनुसार ३१ मार्चच्या रात्री साडेदहाची ठरते. वेळेचा पट्टा न सांगता ती छापली, तर बीजक मागील आर्थिक वर्षात जाते. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या काळातील रात्रपाळीच्या प्रत्येक नोंदीला हा धोका असतो.

यावर उपाय म्हणून आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितात, उदाहरणार्थ २०२५-०४-०३. अशा तारखा अक्षरक्रमाने लावल्या, तरी कालक्रम बिघडत नाही. घडलेल्या क्षणाची नोंद यूटीसीत ठेवावी, दोन संगणकांतील देवाणघेवाण या मानकानुसार करावी आणि स्थानिक रूप केवळ पडद्यावर किंवा कागदावर द्यावे, असा संकेत आहे.

जुन्या यंत्रांबाबत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. सेकंदांची मोजणी ३२ बिटांत साठविणाऱ्या प्रणालींची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपेल. त्यानंतर त्या थेट १९०१ सालातील तारीख दाखवू शकतात. दीर्घकाळ चालणाऱ्या यंत्रांची नियंत्रण प्रणाली त्यापूर्वीच तपासून घेणे हिताचे ठरेल.