आर्वेलाद्झे, शोता

आर्वेलाद्झे, शोता : (२२ फेब्रुवारी १९७३ – ). जॉर्जियाचा फुटबॉलपटू व प्रशिक्षक. मैदानावरच्या जागेमुळे आणि कामगिरीमुळेही ‘आघाडीचा खेळाडू’ हे वर्णन त्याला दोन्ही अर्थांनी लागू पडते. राष्ट्रीय संघाकडून ६१ सामन्यांत २६ गोल. खेळ सोडला तेव्हा जॉर्जियाच्या कोणत्याही खेळाडूच्या नावावर याहून जास्त गोल नव्हते.

जन्म त्बिलिसी येथे. आर्चिल हा त्याचा जुळा भाऊ, तर रेवाझ थोरला. तिघेही पुढे देशाकडून खेळले. शोता वयात येत असताना जॉर्जियाचे फुटबॉल पार उलथेपालथे झाले होते. १९८१ मध्ये युरोपियन कप विनर्स कप जिंकणारा दिनामो त्बिलिसी हा तिथला मानाचा संघ. १९९० मध्ये जॉर्जियन संघ सोव्हिएत साखळीतून बाहेर पडले, पाठोपाठ स्वातंत्र्य आले आणि यादवीही. दिनामोसारख्या संघाला आता छोट्याशा देशांतर्गत स्पर्धेत खेळावे लागे. चांगल्या खेळाडूंनी बाहेरची वाट धरली, त्यात हे जुळे भाऊही होते.

दोघे गेले ते शेजारच्या तुर्कस्तानात, काळ्या समुद्राकाठच्या त्रब्झोन शहरात. जॉर्जियाची सरहद्द तिथून मोटारीने काही तासांवर. त्रब्झोनस्पोर या संघाने १९९५ मध्ये तुर्की चषक जिंकला. पुढच्या, म्हणजे १९९५-९६ च्या हंगामात शोताने २५ गोल केले आणि तो तुर्की लीगमधला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. विजेतेपद मात्र हातातोंडाशी येऊन गेले. हंगाम संपत आला असताना घरच्याच मैदानावर, आधी गोल करूनही, त्रब्झोनस्पोर फेनेरबाह्चेकडून १-२ असा हरला. १९८४ नंतर विजेतेपदाची वाट पाहणाऱ्या या शहराला ते पुढे थेट २०२२ मध्ये मिळाले. त्रब्झोनमध्ये आजही त्या सामन्याचा विषय जपून काढावा लागतो.

१९९७ मध्ये दोघे भाऊ नेदरलँड्समध्ये गेले, पण वेगवेगळ्या संघांत. आर्चिल ब्रेडाच्या एनएसीकडे, शोता ॲम्स्टरडॅमच्या आयाक्सकडे. पहिल्याच हंगामात आयाक्सने लीग आणि डच चषक दोन्ही जिंकले, १९९९ मध्ये चषक पुन्हा मिळवला. शोताचा खेळ पेनल्टी क्षेत्रात खुलणारा होता. लांबून चेंडू घेऊन चार जणांना चकवत जाणे हे त्याचा समकालीन देशबांधव गिओर्गी किंकलाद्झे याचे काम. शोता चेंडू कुठे पडणार हे आधी हेरून तिथे हजर असे. प्रेक्षकांना किंकलाद्झे अधिक लक्षात राहिला हे खरे, पण आयाक्समध्ये तो आला तेव्हा त्याचा जम बसला नाही आणि शोताचा बसला, हेही नोंदवले पाहिजे.

२००१ मध्ये तो ग्लासगोच्या रेंजर्स संघात दाखल झाला. २००२-०३ मध्ये रेंजर्सने स्कॉटलंडमधल्या तिन्ही प्रमुख स्पर्धा जिंकल्या. त्यातली लीग केवळ एका गोलाच्या फरकाने. शेवटच्या दिवशी, २५ मे २००३ रोजी, रेंजर्स आणि सेल्टिक यांचे गुण सारखेच होते. तिकडे सेल्टिकने किल्मार्नॉकवर चार गोल चढवले, इकडे रेंजर्सने डन्फर्मलिनला ६-१ असे हरवले. दोघांचेही गुण ९७ झाले आणि गोलफरक ७३ विरुद्ध ७२. त्या सहांपैकी एक गोल आर्वेलाद्झेचा होता. २००४-०५ ची लीगही शेवटच्या दिवशीच रेंजर्सकडे आली.

मग आल्कमारचा एझेड संघ, लुई व्हान गाल प्रशिक्षक. २००७ च्या अखेरच्या फेरीआधी एझेड, आयाक्स आणि पीएसव्ही यांचे गुण समान असून गोलफरकावर एझेड पुढे होता. एक्सेलसियरसारख्या तळाच्या संघाकडून तो २-३ असा हरला आणि थेट तिसऱ्या स्थानी घसरला. त्यानंतरचा स्पेनमधला लेव्हांते संघ आर्थिक डबघाईला आलेला होता, त्या हंगामात तो खालच्या श्रेणीतही गेला. २००८ मध्ये आर्वेलाद्झेने खेळणे थांबवले.

राष्ट्रीय संघातली त्याची कारकीर्द १९९२ ते २००७ अशी झाली. नोव्हेंबर १९९४ मध्ये त्बिलिसीत वेल्सचा ५-० असा धुव्वा उडवताना शेवटचा गोल त्याचा होता. ऑगस्ट २००६ मध्ये फेरो बेटांविरुद्ध ६-० अशा विजयात त्याने तीन गोल केले. एवढे करूनही विश्वचषक वा युरो स्पर्धेची पात्रता जॉर्जियाला त्याच्या काळात कधी मिळाली नाही. देश युरोत पहिल्यांदा उतरला तो २०२४ मध्ये.

प्रशिक्षणाचे धडे त्याने एझेडमध्येच व्हान गालचा साहाय्यक म्हणून घेतले. पुढे कायसेरीस्पोर, कासिमपाशा आणि २०१५ मध्ये काही महिने त्रब्झोनस्पोर हे तुर्की संघ त्याने सांभाळले. मकाबी तेल अवीवनंतर तो ताश्कंदच्या पाख्ताकोरकडे गेला आणि २०१९ व २०२० अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने उझबेक लीग जिंकून दिली. प्रशिक्षक म्हणून हेच त्याचे सर्वांत भरीव यश. जानेवारी २०२२ मध्ये तुर्की मालकाने विकत घेतलेल्या हल सिटी या इंग्लिश संघाने त्याला नेमले, त्याच वर्षी सप्टेंबरअखेर काढूनही टाकले.