गाव सोडले, पण कोणाच्या भरवशावर?

दरवर्षी परीक्षा संपल्या की गावाकडची मुले आमच्याकडे विचारायला येतात. मुंबईला येऊ का, पुण्याला येऊ का, काही काम मिळेल का. यंदा दोघातिघांनी प्रश्नाला आणखी एक वाक्य जोडले. पदवी अर्धवट आहे, हातात कुठली कला नाही आणि डोक्याच्या गोळ्या चालू आहेत. हे शेवटचे वाक्य सगळ्यांनीच आवाज खाली करून सांगितले.

अशा मुलांना आपल्या समाजात दोन उत्तरे मिळतात. घरातले म्हणतात, तुला झेपायचे नाही, गावातच राहा. चळवळीतले म्हणतात, बाबासाहेबांनी किती सोसले आणि तू एवढ्यात खचलास? पहिले उत्तर मुलाला गावाच्या दावणीला बांधते, दुसरे त्याला एकटे पाडते. आमचे म्हणणे असे की ही दोन्ही उत्तरे आपल्या इतिहासाला धरून नाहीत. आपली माणसे गाव सोडून शहरात कशी आली, याचा इतिहास नीट वाचला तर तिसरे उत्तर सापडते.

गाव सोडणे हा कार्यक्रम होता

गाव सोडणे म्हणजे पळपुटेपणा, असे आजही काही जण मानतात. गाव आपल्यासाठी काय होते? महारकी होती. येसकरपाळी होती. सरकारी टपाल पोचवायचे, मेलेली गुरे ओढायची, पाटलाच्या निरोपासरशी धावायचे आणि मोबदल्यात इनामाचा तुकडा व दारोदार मागितलेली भाकर. १८७४ च्या वतन कायद्याने या वेठबिगारीला सरकारी शिक्का दिला. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात हे जोखड काढण्यासाठी विधेयक मांडले. ही वतने कायद्याने रद्द व्हायला मात्र १९५८ साल उजाडले.

१९४२ च्या जुलैमध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी त्यासाठी वसाहत आयोगाची मागणी केली. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खेडे म्हणजे अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे घर आहे, असे सुनावले. म्हणजे स्थलांतर ही कोणा एकट्याची हौस नव्हती, तो आपला राजकीय कार्यक्रम होता. त्या ठरावात आणखी एक गोष्ट आहे, ती आपण विसरतो. बाबासाहेब नुसते 'गाव सोडा' म्हणून थांबले नाहीत. जायचे कुठे, जमीन कुठली, खर्च कोणी करायचा, हेही त्यांनी त्यातच मागितले.

'कौशल्य नाही' हे कोणी ठरवले?

आता कौशल्याचे बघू. विदर्भातले महार पिढ्यान् पिढ्या जाडेभरडे कापड विणत आले. माग त्यांच्या घरात होता. मुंबईच्या गिरण्यांत मात्र अस्पृश्य कामगाराला विणखात्यात प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याच्या थुंकीने सवर्ण कामगाराचा धर्म बुडत होता. विणखात्यात पगार चांगला. आपल्या वाट्याला सूतकताईचे रिंगखाते आणि झाडलोट. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा वर्गलढ्याच्या गप्पा मारणाऱ्यांनाही तो मान्य करणे जड गेले.

आपल्या आज्यापणज्यांना 'अकुशल' ठरवले गेले ते असे. कौशल्य शिकायची जागाच बंद ठेवायची आणि वर त्या माणसाच्या कपाळावर अकुशल असा शिक्का मारायचा. आज एखाद्या मुलाची दहावी दोन प्रयत्नांत झाली, मध्ये आजाराने दोन वर्षे गेली, तर तो स्वतःलाच नालायक समजतो. त्याने शिक्का आणि स्वतःची लायकी यांतला फरक ओळखला पाहिजे.

नुसते कौशल्य असले की नवे शहर आपल्याला सामावून घेते, हेही खरे नाही. बडोद्याचा प्रसंग आपल्या सर्वांना पाठ आहे, पण त्याचा शेवट आपण नीट सांगत नाही. १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे एम.ए. झालेले, लंडनमधले शिक्षण अर्धवट टाकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून नाव बदलून पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. कामाठी बागेत बसून त्यांनी अश्रू ढाळले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

शेवट इथे आहे. मुंबईत परळच्या चाळीत त्यांचे घर होते. ते परत येऊ शकले. पुढच्याच वर्षी ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि साठवलेल्या पैशावर, मित्रांच्या मदतीने पुन्हा लंडनला गेले. पहिले स्थलांतर फसले म्हणून माणूस फसत नाही. परतायला जागा असेल तर तो पुन्हा निघतो. गावाकडे परत आलेल्या पोराला 'आला का हात हलवत' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या टोकाला कोण होते?

मग पदवी नाही, पैसा नाही, अशी आपली माणसे शहरात टिकली कशी? नरेंद्र जाधवांच्या 'आमचा बाप आन् आम्ही'मधला दामू ओझरचा. येसकरपाळीवर असताना मार खाल्ला, पत्नी सोनूला घेऊन मुंबई गाठली. मिळेल ते काम केले आणि पुढे पोर्ट ट्रस्टमध्ये चिकटला. उमरेडच्या जाईबाई चौधरी दुष्काळामुळे लहानपणीच कुटुंबासोबत नागपूरला आल्या. कामठी स्टेशनवर त्यांनी हमाली केली. एका मिशनरी भगिनीने त्यांना शिकायला मदत केली. पुढे शिक्षिका झाल्या तर अस्पृश्य बाई शिकवते म्हणून विरोध झाला आणि नोकरी गेली. मग याच बाईने नागपुरात मुलींची शाळा काढली. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये कावाखान्यातल्या बाया रस्त्यावरच्या चिंध्या, कागद वेचून घर चालवताना दिसतात.

यातले कोणीही 'तयार' होऊन आलेले नव्हते. पण दुसऱ्या टोकाला कोणीतरी उभे होते. गावकीची खोली होती, तिथे वळकटी टाकायला जागा मिळे. पाहुणा मुकादमाकडे शब्द टाकी. खानावळवाली मावशी पगार होईपर्यंत उधारीवर जेवू घाली. शिकणाऱ्यांसाठी बाबासाहेबांनी काय केले? जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये तिने सोलापूरला वसतिगृह सुरू केले. सभेच्या अगदी पहिल्या कामांतले हे काम. शाळा आधीपासून होत्या, पण खेड्यातून आलेल्या पोराने रात्री पाठ कुठे टेकायची, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला.

आणि हीच जागा काढून घेतली तर काय होते, हे आपण जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात पाहिले. रोहित वेमुला आणि त्याचे चार साथी वसतिगृहातून बाहेर काढले गेले. त्यांनी उघड्यावर तंबू ठोकला आणि त्याला नाव दिले 'वेलिवाडा', म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती. शहरातही गावकूस उभे राहते, हे त्या मुलांनी एका शब्दात सांगितले. १७ जानेवारीला रोहित गेला.

मनाच्या जखमेला नाव नव्हते

आता तो खालच्या आवाजातला विषय. गाव सोडणाऱ्यांच्या बोचक्यात मार, उपास आणि अपमान बांधलेले होते. त्याचे काय झाले? 'बलुतं'मधला बाप गोदीत राबतो आणि दारूत बुडतो. बेबीताई कांबळेंच्या 'जिणं आमुचं'मध्ये अंगात येणाऱ्या बायांची वर्णने आहेत. दिवसरात्र राबणाऱ्या, मार खाणाऱ्या बाईला अंगात आल्यावर तेवढा वेळ मान मिळे. प्रत्येक अंगात येणे म्हणजे आजार, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्यांना खरोखर उपचार हवे होते त्यांनाही देवऋषी, उतारा आणि साखळदंड यांपलीकडे काही मिळाले नाही.

सरकारकडे काय होते? १८५८ चा वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा आणि पुढे १९१२ चा कायदा. रस्त्यावर फिरणारा माणूस वेडा वाटला तर पोलीस त्याला धरू शकत. याच राज्यकर्त्यांनी १८७१ च्या कायद्याने भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. गरिबाने जागा बदलली की तो वेडा किंवा चोर, हा संशय तेव्हापासूनचा आहे. डॉक्टरच्या दारात जायला आपली माणसे आजही घाबरतात, त्यामागे हा इतिहास आहे.

बाबासाहेबांचेही एक पान इथे वाचले पाहिजे. जुलै १९२६ मध्ये त्यांचा लाडका मुलगा राजरत्न गेला. त्याआधीही मुले गेली होती. मित्र दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात आपण पार कोसळलो आहोत, हे त्यांनी लपवले नाही. आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ ला, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. पुत्रशोक आणि मानसिक आजार एक नव्हे, ती गल्लत आम्ही करत नाही. मुद्दा इतकाच की ज्या माणसाचे नाव घेऊन आपण पोरांना 'रडू नकोस' म्हणतो, त्या माणसाने आपले दुःख मित्राला लिहून कळवले होते.

आमची चूक

इथे आम्हाला कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासिकेत मराठवाड्यातून एक मुलगा आला. हुशार, अबोल. १४ एप्रिलला आम्ही सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम ठेवला. तो बसला. मग तोच नेम त्याने पुढे चालू ठेवला. झोप तुटली, गोळ्याही बंद केल्या. कारण कोणाला दिसू नयेत म्हणून त्या तो सदऱ्याच्या घडीत लपवत असे आणि पुढे विकत घ्यायचे राहून गेले. एका रात्री तो ओळखू येईना. त्याच्या भावाने येऊन त्याला गावी नेले. आम्ही सगळे रोज त्याच्या शेजारी बसत होतो. झोपलास का, एवढे एकदाही कोणी विचारले नाही. आजारी माणसासाठी झोप हेही औषध असते, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. तो परत येऊ शकेल अशी जागा आम्ही ठेवली नाही, हे जास्त बोचते.

तिसरे उत्तर

म्हणून आमचे उत्तर असे. जरूर या, पण आपली माणसे आली तसे या, कोणाच्या तरी भरवशावर. येण्याआधी राहायची जागा आणि किमान एक माणूस पक्का करा, ज्याला आजाराबद्दल खरे सांगता येईल. औषधाची चिठ्ठी, जुने कागद, महिनाभराच्या गोळ्या सोबत ठेवा. नव्या शहरात आलात म्हणून गोळ्या सोडू नका, ते डॉक्टरला ठरवू द्या. पहिले काम लहान असले तरी चालेल, पण सुरुवातीला रात्रपाळी टाळता आली तर टाळा.

हक्क माहीत करून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क केला. जातीवरून भेदभाव करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे आणि दारिद्र्यरेषेखालील व बेघर माणसाला सरकारी उपचार मोफत आहेत. २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. ४० टक्के किंवा अधिकचे प्रमाणपत्र असेल तर सरकारी नोकरीतल्या आरक्षणाचाही लाभ मिळू शकतो. रात्री-अपरात्री मन फारच बिघडले तर टेली-मानसच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलता येते.

पण अर्धे उत्तर आपण कार्यकर्त्यांनी द्यायचे आहे. आपल्या शहरात विहारे आहेत, अभ्यासिका आहेत, जयंतीला लाखोंची वर्गणी होते. त्यातल्या किती ठिकाणी गावाहून आलेल्या पोराला पंधरा दिवस पाठ टेकता येते? डॉक्टरकडे त्याच्यासोबत जायला किती जण तयार आहेत? डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात एक खोली काही महिने चालते. आम्ही आमच्या अभ्यासिकेच्या मागची खोली रिकामी केली आहे. चार गाद्या आहेत, आणि रात्री अकराला दिवा बंद होतो.

मराठवाड्यातल्या त्या मुलाला आम्ही निरोप पाठवला आहे. एक गादी त्याची आहे. तो येईल तेव्हा येईल.

जय भीम!