ठिणग्यांची मोजदाद



रेडिअमसारख्या पदार्थांतून आल्फा कण बाहेर पडतात हें कळल्यावर शास्त्रज्ञांपुढें एक अवघड प्रश्न उभा राहिला. हे कण निव्वळ यदृच्छेनें सुटतात, कीं एक सुटला म्हणजे त्याच्या धक्क्यानें शेजारच्या अणूंतूनहि दुसरा सुटतो? अणूला तर विचारतां येत नाहीं. उत्तर मिळालें तें केवळ मोजणींतून.

१९१० सालीं मँचेस्टर येथील रदरफोर्ड व गायगर यांनीं पोलोनिअमचा अत्यल्प अंश झिंक सल्फाइडच्या पडद्यासमोर ठेवला. कण आदळला कीं पडद्यावर क्षणमात्र ठिणगी चमके. अंधारांत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसावयाचें, ठिणगी दिसतांच विजेची कळ दाबावयाची आणि सरकत्या कागदी फितीवर खूण उमटवावयाची, असें हें काम पांच दिवस चाललें. पोलोनिअम दिवसेंदिवस क्षीण होत जातें, म्हणून तें रोज पडद्याच्या किंचित् जवळ सरकवीत. प्रयोगाची थोरवी मला या बारीक दक्षतेंत दिसते.

मग फितीचे साडेसात सेकंदांचे २६०८ भाग पाडले. एका भागांत सरासरीनें ३.८७ ठिणग्या पडल्या. परंतु सरासरीनें प्रश्न सुटत नव्हता; पाहावयाचें होतें तें सरासरीभोंवतींचें विखुरणें. एक कण दुसऱ्याला चिथावीत असता, तर ठिणग्या झुंडीनें आल्या असत्या; अगदीं रिकामे आणि अगदीं गजबजलेले भाग पुष्कळ निघाले असते. बेटमन या गणितज्ञानें यदृच्छाच गृहीत धरून हिशेब मांडून दिला. (हें सूत्र प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या १८३७ सालच्या ग्रंथांत पूर्वींच होतें!) त्याप्रमाणें रिकामे भाग ५४ यावयास हवे होते, आले ५७. दोन ठिणग्यांचे ४०७ हवे होते, आले ३८३. चार ठिणग्यांचे मात्र ५०८ च्या जागीं ५३२ निघाले.

हा चोविसांचा फरक दोष समजावयाचा काय? मुळींच नाहीं. अशा मोजणींत अपेक्षित आंकड्याच्या वर्गमूळाइतका, क्वचित् त्याहून थोडा अधिक, चढउतार व्हावयाचाच. ५०८ चें वर्गमूळ सुमारें साडेबावीस. उलट सर्वत्र तंतोतंत जुळणाऱ्या कोष्टकाकडे मी तरी संशयानें पाहीन.

कणांच्या शास्त्रांत हा दंडक पुढें अधिकच कडक झाला. जिनेव्हाजवळील सर्न संस्थेंत ४ जुलै २०१२ रोजीं हिग्ज कणासारखा नवा कण सांपडल्याचें जाहीर झालें, तें आलेखावरील तसला उंचवटा निव्वळ यदृच्छेनें उठण्याचा संभव ३५ लाखांत एकाच्या आसपास आल्यावरच.