सातपुड्याचा इतिहास कोणाच्या दप्तरात?

धागा : खान्देश, सातपुडा आणि कंपनी सरकारची कागदपत्रे

खान्देशचा वसाहतकालीन इतिहास अभ्यासू लागलेला प्रत्येक जण सर्वप्रथम एकाच ग्रंथापाशी येतो. १८८० साली प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा हा बारावा खंड. पिके, जाती, बाजारपेठा, किल्ले, तापीचे पूर, सारे त्यात आहे. डोंगरातल्या माणसांविषयीही पुष्कळ आहे. परंतु त्यातील बहुतेक मजकूर दंगे, दरोडे आणि बंदोबस्त या तीन शब्दांत मावतो. आपल्याकडील तालुक्यांच्या इतिहासपुस्तिका, स्मरणिका आणि हल्ली समाजमाध्यमांवर फिरणारे लेख ‘भिल्लांचा उपद्रव’ हा शब्दप्रयोग तेथूनच उचलतात. उचलताना तो कोणत्या कचेरीत जन्मला, हे मात्र कोणी विचारीत नाही.

म्हणून प्रथम त्या कचेरीकडे जाऊ.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खान्देश इंग्रजांकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले. प्रदेश उद्ध्वस्त होता. १८०३-०४ च्या भीषण दुष्काळाने आणि त्यामागून आलेल्या लुटालुटीने गावेच्या गावे ओस पडली होती. त्याच सुमारास पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी कोपरगावी भिल्लांची मोठी कत्तल करून प्रेते विहिरींत टाकल्याची हकीकत ब्रिटिश लेखक पुनःपुन्हा देतात. ती खोटी मानण्याचे कारण नाही. पण ती इतक्या आवडीने का सांगितली गेली, हेही ध्यानात घ्यावे. आधीचे राज्य जितके क्रूर दिसेल, तितके नवे राज्य दयाळू ठरते.

आता मूळ तंटा कशाचा होता? डोंगराच्या पायथ्याची गावे भिल्ल नायकांना दरसाल ठरावीक रक्कम किंवा धान्य देत. त्यास ‘गिरास’ म्हणत. घाटवाटांवरून जाणाऱ्या मालावरही नायकांचे हक्क असत. त्या बदल्यात वाट राखणे त्यांचे काम. इंग्रज अंमलदारास ही खंडणी वाटली. एका मुलखात दोघांचा हक्क असू शकतो, ही कल्पनाच त्याच्या राज्यशास्त्रात बसत नव्हती. पुढे सरकारने गिरासच्या रकमा ठरवून त्या आपल्या खजिन्यातून देण्याची व्यवस्था केली. वरवर पाहता नायकास पैसे तेवढेच मिळाले. पण काल तो हक्क म्हणून गावातून घेत होता, आज कचेरीच्या दारात मेहेरबानी म्हणून घेऊ लागला. माझ्या मते सातपुड्यातील खरा सत्ताबदल येथे झाला, कोणत्याही लढाईत नव्हे.

पहिली काही वर्षे लष्कराने डोंगर चाळून काढले, तरी यश बेताचेच आले. युरोपीय सैनिकांना सातपुड्यातला हिवताप गोळीपेक्षा अधिक भयंकर वाटे. अखेर गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत १८२५ साली धोरण बदलले. तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या आणि भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम बावीस वर्षांच्या जेम्स औट्रम याच्याकडे आले. हीच ती ‘खान्देश भिल्ल कोअर’. मुख्य ठिकाण धरणगाव, म्हणजे आजचा जळगाव जिल्हा.

औट्रमची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली असते. तो वाघ मारी, निःशस्त्र जंगलात राही, त्याने भिल्लांची मने जिंकली, वगैरे. यात तथ्य आहे. पण त्याने स्वतः दिलेल्या हकिगतीतील दोन तपशील या गोष्टीतून नेमके गळतात. एक, नायकांशी बोलणे सुरू झाले ते आधीच्या छाप्यांत पकडलेल्या कैद्यांमार्फत. दोन, मने जिंकण्याच्या कामी ब्रँडीचाही सढळ वापर झाला. हे त्याने लपवलेले नाही. लपवले ते नंतरच्या चरित्रकारांच्या भक्तीने.

पलटणीचा इतिहास ए. एच. ए. सिमकॉक्स या सनदी अधिकाऱ्याने १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. १८२५ ते १८९१ असा त्याचा आवाका आहे. पुस्तक उपयुक्त आहे, वाचाच. मात्र त्यात पलटणीचे साहेब नावानिशी येतात, तर शिपाई बहुधा संख्येने.

आता खाज्या नाईक. दप्तर कसे वाचावे, हे या एका माणसाच्या आयुष्यावरून जितके कळते तितके दुसऱ्या कशावरून कळत नाही.

मुंबई-आग्रा रस्ता धुळ्याहून शिरपूर, पळासनेर करीत सेंधव्याच्या घाटात शिरतो. (धुळेकर आजही भर बाजारपेठेला ‘आग्रा रोड’ म्हणतात, ते याच रस्त्यामुळे.) माळव्यातील अफू, कापूस आणि सरकारी खजिना याच वाटेने मुंबईकडे जाई. हा घाट राखण्याच्या पोलीस कामावर खाज्या होता. त्याच्या मारहाणीत एक संशयित दगावला आणि खाज्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. मुदतीपूर्वी तो सुटला. १८५७ मध्ये उत्तरेकडून वाईट बातम्या येऊ लागताच सरकारने त्याला पुन्हा कामावर घेतले, कारण घाट सांभाळणारा दुसरा माणूसच नव्हता. थोड्याच काळात तो भीमा नाईकासह उठला. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्यांनी घाटाजवळ सुमारे सात लाख रुपयांचा सरकारी खजिना लुटला.

एकाच माणसासाठी सरकारी कागदांत लागोपाठ आलेल्या ओळखी पाहा : पोलीस, कैदी, पुन्हा पोलीस, बंडखोर. माणूस तोच, घाट तोच, हाती शस्त्रही बहुधा तेच. बदलते ते सरकारशी असलेले नाते, आणि त्याप्रमाणे विशेषण. म्हणून या कागदांत विशेषणांच्या आधी पगाराचा रकाना वाचावा, असे मी म्हणेन. ‘लुटारू’ आणि ‘राखणदार’ यांतील फरक पुष्कळदा तेथे सापडतो.

११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणी येथे मोठी लढाई झाली. खाज्याचा तरुण मुलगा मारला गेला. पकडलेल्या अनेकांना झटपट लष्करी चौकशी करून गोळ्या घातल्या गेल्या. शेकडो स्त्रिया कैद झाल्या. १८६० मध्ये खाज्याचा विश्वासघाताने खून झाला. भीमा नाईकाला काळ्या पाण्यावर पाठवले आणि १८७६ मध्ये पोर्ट ब्लेअरला त्याचा मृत्यू झाला.

येथे ‘वीर’ आणि ‘गद्दार’ अशा दोन रांगा लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. १८५७ मध्ये धरणगावची भिल्ल पलटण कंपनीकडेच राहिली. डोंगरात एका बाजूला भिल्ल होते आणि दुसऱ्या बाजूलाही. दुष्काळ पाहिलेल्या घरात महिन्याचा पगार ही काय वस्तू असते, हे विसरून त्या शिपायांचा न्याय करता येत नाही.

मग डोंगरातल्या माणसांचे स्वतःचे म्हणणे कोठे शोधायचे? शेजारच्या डांगचे उदाहरण येथे कामाचे आहे. ब्रिटिश काळात दीर्घकाळ डांगचा कारभार खान्देशच्या कलेक्टरकडे होता आणि १८४२ पासून तेथील सागवान सरकारने नायक-राजांकडून भाडेपट्ट्याने घेतले होते. इतिहासकार अजय स्कारिया यांनी तेथील वडीलधाऱ्यांच्या ‘गोठी’ टिपल्या आणि १९९९ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. त्या गोठींत काळाचे दोन भाग पडतात : ‘मोगलाई’ आणि ‘मंडिनी’. मोगलाई म्हणजे मुघलांचे राज्य नव्हे. मनास येईल तेथे हिंडावे, गिरास घ्यावी, जंगल आपले असावे, तो काळ. मंडिनी म्हणजे हद्दी आखल्या गेल्या, जंगल बंद झाले, तो काळ. आपल्या पाठ्यपुस्तकातील १८१८ आणि १८५७ या सनांना तेथे फारसे महत्त्व नाही. त्या डोंगरात राज्य कोणाचे आले यापेक्षा जंगलाची वाट कधी बंद झाली, हा प्रश्न मोठा होता.

सातपुड्याच्या खान्देशी बाजूला, शिरपूर, चोपडा, यावल, शहादा, अक्राणी या पट्ट्यात, ज्यांच्या घरी अशा गोष्टी अजून सांगितल्या जातात, त्यांना एक विनंती. त्या ऐकाल तेव्हा भिलोरी किंवा पावरीतच लिहून घ्या, प्रमाण मराठीत आणू नका. ‘मंडिनी’ऐवजी कोणी ‘इंग्रज राजवट’ लिहिले असते तर वरचा परिच्छेद लिहिताच आला नसता. सांगणाऱ्याचे वय, पाडा आणि ऐकल्याची तारीख टिपून ठेवा. आंबापाणीला कैद झालेल्या स्त्रियांपुढे काय वाढून ठेवले होते, हे एखाद्या घरी ठाऊक असेल, तर ते आधी लिहा.