रेशमात अडकलेले धागे

१९३१ पासून ब्रिटनची मालवाहू जहाजं एक पेटी मागे ओढत नेऊ लागली. ॲलिस्टर हार्डी यांच्या या यंत्रात रेशमी कापडाची गुंडाळी असे. समुद्रातले सूक्ष्म जीव तिच्यात अडकत. ही कापडं कुणी टाकून दिली नाहीत, हे आपलं नशीब! रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकापासूनचे नमुने तपासले, तेव्हा जीवांशेजारी प्लास्टिकचे तंतू दिसले. पुढच्या दशकांत ते वाढलेले. २००४ मधल्या त्यांच्या लेखाने ‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द रूढ केला.

मग अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून आणि ब्रिटनने २०१८ मध्ये तोंड धुण्याच्या प्रसाधनांतले प्लास्टिकचे मणी बंद केले. सोपं होतं तेवढं केलं, असं मला वाटतं. रेशमात सापडले ते बहुतांशी धागे. पॉलिएस्टरचा सदरा धुताना ते आजही मोरीतून जातात. यंत्राला बारीक गाळणी लावली तर बरेचसे अडतात. बहुतेक यंत्रांना ती नसते.