मगनवाडीचा दिवा

आमच्या कारंजा घाडग्याला दिवाळीत ओसरीओसरीवर पणत्या लागतात. त्या रात्री तेलाचा हिशेब कोण करतो? पण आपल्याच वर्धा जिल्ह्यात असा हिशेब मांडणारा एक अर्थशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याचे नाव जे. सी. कुमारप्पा.

१९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे ठाणे, आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस. रॉकेल बाहेरून येई. कंदिलात खेड्याचा पैसाच जळे. म्हणून मगनवाडीत वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तयार झाला. त्यात तेल्याची मजुरी गावात, पेंडही गावात.

१९४५ साली कुमारप्पांनी लिहिले, की खनिज तेलासारख्या आटत्या साठ्यावर चालणारा संसार भांडणाकडे नेतो. निसर्गाच्या वाहत्या प्रवाहावर चालणारा टिकतो. रांजण आणि झरा यांतला हा भेद!

आज सरकारी योजना तिकडेच वळल्या आहेत. २०१५ च्या ‘उजाला’ योजनेने स्वस्त एलईडी दिवे घरोघर नेले. साठ वॅटच्या जुन्या दिव्याजागी नऊ वॅटचा एलईडी रोज पाच तास लावला, तर महिन्याला साडेसात युनिट वीज वाचते. २०२४ च्या सूर्यघर योजनेत छतावरील सौरसंचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे.

मात्र कुमारप्पा एवढ्यावर थांबले नसते. किती वाचले, हे ऐकून घेऊन त्यांनी पुढे विचारले असते: वाचलेला पैसा राहिला कोणाच्या गावी?